परीकथा आणि लोककथांमधील स्त्रीपात्रे कशी वाचावीत

परीकथांमधील स्त्रियांविषयी साधारणपणे दोनच मते ऐकू येतात. एक असे, की या कथांची नायिका सुंदर, सोशिक आणि राजपुत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असते, त्यामुळे या कथा मुलींच्या हाती देऊच नयेत. दुसरे असे, की लोककथा बायकांनी बायकांना सांगितलेल्या असल्यामुळे त्यांतील स्त्री मुळात मनस्वी होती आणि तिला मुकाट केले ते पुढच्या काळातील छापील पुस्तकांनी. दोन्ही मतांच्या बाजूने भरपूर उदाहरणे देता येतात आणि नेमकी हीच अडचण आहे, कारण हवे ते उदाहरण उचलले की हवा तो निष्कर्ष निघतो. एखाद्या कथेतील स्त्रीपात्राविषयी निबंध लिहायचा असेल, वर्गात चर्चा घ्यायची असेल किंवा मुलांना सांगण्यासाठी कथा निवडायची असेल, तर मताच्या आधी पद्धत हवी. पुढे मांडलेल्या पद्धतीचा कणा एकच आहे. कोणत्याही स्त्रीपात्राविषयी निवाडा देण्याआधी त्या कथेचे किमान दोन पाठ, म्हणजे तिची दोन वेगवेगळी लिखित रूपे, शेजारी ठेवावेत, कारण त्या पात्राला आकार कोणी दिला आणि कशासाठी दिला, हे एकट्या पाठावरून कळत नाही. दोन पाठांमधील फरकावरून कळते.

आधी पाठ, मग पात्र

सिंड्रेला कशी आहे, असे विचारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चित्रपटातील किंवा रंगीत बालपुस्तकातील सिंड्रेला उभी राहते. ती सिंड्रेला खोटी नाही, पण ती अनेकींपैकी एक आहे. म्हणून पहिली पायरी नोंदीची. आपण वाचत असलेली कथा कोणत्या संग्रहातील आहे, तो संग्रह कोणत्या वर्षाचा आणि कितव्या आवृत्तीचा आहे, कथा कोणी सांगितली आणि कोणी लिहून घेतली, आणि हातातील मजकूर पूर्ण आहे की मुलांसाठी केलेला संक्षेप आहे, एवढ्या गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. संक्षेप असेल तर तो अभ्यासाचा आधार म्हणून वापरू नये. संक्षेप करणाऱ्याने काय गाळले हा मात्र अभ्यासाचा उत्तम विषय होऊ शकतो.

दुसरा पाठ शोधण्यासाठी कथाप्रकारांची आंतरराष्ट्रीय सूची उपयोगी पडते. फिनलंडचे आंटी आर्ने यांनी ती १९१० मध्ये सिद्ध केली, अमेरिकी अभ्यासक स्टिथ थॉम्पसन यांनी १९२८ आणि १९६१ मध्ये तिचा विस्तार केला आणि जर्मन अभ्यासक हान्स-यॉर्ग उटर यांनी २००४ मध्ये तिची नवी मांडणी केली. या सूचीत सिंड्रेलाच्या कथेचा क्रमांक ५१० ए, लाल टोपीवाल्या मुलीचा ३३३, झोपलेल्या राजकन्येचा ४१० आणि हिमगौरीचा ७०९ आहे. क्रमांक हाती आला की निरनिराळ्या देशांतील भावंडकथा सापडू लागतात.

सिंड्रेलाचेच चार पाठ एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. चीनमध्ये नवव्या शतकात दुआन चंगशी याने नोंदवलेल्या कथेत ये श्यान नावाची मुलगी एक मासा पाळते, सावत्र आई तो मारून खाते आणि त्या माशाची हाडे मुलीला हवे ते देऊ लागतात. इटलीत १६३४ पासून प्रसिद्ध झालेल्या जामबातिस्ता बाझिले याच्या संग्रहातील झेझोला आपल्या शिक्षिकेच्या सांगण्यावरून सावत्र आईच्या मानेवर पेटीचे झाकण आदळते आणि तिला ठार मारते. पुढे तीच शिक्षिका तिची दुसरी सावत्र आई होऊन तिला छळते. शार्ल पेरो याच्या १६९७ मधील फ्रेंच पाठात परी येते, काचेचा बूट येतो, मध्यरात्रीची मुदत येते आणि शेवटी सिंड्रेला बहिणींना क्षमा करून त्यांची लग्नेही लावून देते. ग्रिम बंधूंच्या जर्मन पाठात परी नाही आणि मध्यरात्रीची मुदतही नाही. मुलगी आईच्या थडग्यावर फांदी लावते, तिला आसवांचे पाणी घालते, त्या झाडाकडे जाऊन स्वतः कपडे मागते, तीन वेळा समारंभाला जाते आणि तिन्ही वेळा राजपुत्राच्या हातातून स्वतःच निसटते. या पाठातील शिक्षा मात्र भयंकर आहे, कारण शेवटी कबुतरे बहिणींचे डोळे फोडतात, आणि हा प्रसंगही १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत नव्हता, तो १८१९ मध्ये जोडला गेला. आता या चौघींना मिळून "सिंड्रेला सोशिक असते" असे एकच वाक्य लावता येईल का, हे वाचकाने स्वतःच ठरवावे.

क्रियांची यादी

पाठ निश्चित झाला की पात्राच्या वर्णनाकडे काही काळ दुर्लक्ष करावे. परीकथेत रूपाचे वर्णन फार स्वस्त असते. बर्फासारखी गोरी, सोन्यासारखे केस, एवढ्यावर काम भागते. त्याऐवजी कागदाचे दोन भाग करून एका बाजूला पात्र स्वतः काय करते आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या बाबतीत काय केले जाते, याची यादी करावी.

ग्रिम बंधूंची हिमगौरी या पद्धतीने तपासली तर यादी अशी होते. ती रानातून पळते, बुटक्यांच्या घरात शिरते, प्रत्येक ताटातील थोडेथोडे खाते, झोपते, घरकाम करायला तयार होते आणि तीन वेळा दार किंवा खिडकी उघडते. त्यानंतर तिच्या बाबतीत घडत जाते ते असे: तिला काचेच्या पेटीत ठेवले जाते, राजपुत्र ती पेटी मागून घेतो, नोकर पेटी उचलून नेताना ठेचकाळतात आणि सफरचंदाचा तुकडा घशातून बाहेर पडतो. तिला जागे करणारे चुंबन या पाठात नाहीच. शेजारी राणीची यादी करावी. ती विचारते, हुकूम देते, वेश पालटते, डोंगर ओलांडते, विष तयार करते, अर्धेच सफरचंद विषारी राहील अशी युक्ती करते. कथेतील सारी हालचाल तिच्याकडे आहे आणि तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचण्याची शिक्षाही तिलाच आहे. पुढाकार घेणारी स्त्री दुष्ट आणि निपचित पडलेली स्त्री चांगली, ही वाटणी इथे जितकी उघड दिसते तितकी क्वचितच दिसते.

तीच यादी "हान्सेल आणि ग्रेटेल" या कथेला लावली की चित्र पालटते. पूर्वार्धात खडे टाकून वाट लक्षात ठेवणारा हान्सेल असतो आणि ग्रेटेल रडत असते. उत्तरार्धात हान्सेल पिंजऱ्यात असतो, आणि भट्टीत कसे शिरायचे ते कळत नाही असे सोंग घेऊन चेटकिणीलाच आत ढकलणारी ग्रेटेल असते. म्हणून यादी कथेच्या टप्प्यांप्रमाणे करावी, एकदम करू नये. बेडूक राजपुत्राच्या कथेतही राजकन्या बेडकाचे चुंबन घेते असा समज आहे. ग्रिम बंधूंच्या पाठात ती रागाने त्याला भिंतीवर आपटते आणि त्यानेच त्याचे रूप पालटते. वडिलांनी बजावलेले वचन मोडणाऱ्या मुलीला इथे बक्षीस मिळते. आज्ञाधारकपणाचे फळ म्हणून परीकथांकडे पाहणाऱ्यांनी या कथेचे काय करायचे, हा मजेदार प्रश्न आहे.

बोलणारी आणि गप्प असलेली

क्रियांनंतर बोलण्याकडे वळावे. कोण थेट अवतरणात बोलते, कोणाचे बोलणे निवेदक आपल्या शब्दांत सांगतो आणि कोण बोलतच नाही, हे पाहावे. ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा या अंगाने अभ्यास करणाऱ्या रूथ बॉटिगहायमर यांनी दाखवून दिले आहे, की एकामागून एक आवृत्त्या निघत गेल्या तसे नायिकांचे थेट बोलणे घटत गेले. सहा हंसांच्या कथेत तर मौन हीच नायिकेची कसोटी आहे. भावांना पुन्हा माणूस करायचे तर तिने सहा वर्षे बोलायचे नाही, हसायचे नाही आणि फुलांचे सदरे शिवायचे. तिच्यावर स्वतःचीच मुले मारल्याचा आरोप येतो, तिला जाळायला नेतात, तरी ती बोलत नाही. हे मौन दुबळेपणाचे नाही, ती मोठी कामगिरी आहे. पण भावांना सोडवणाऱ्या बहिणीला ही अट आणि बहिणीला सोडवणाऱ्या भावाला तलवार, हा फरक नोंदवलाच पाहिजे.

उलट टोकाला आपली भोपळ्यातली म्हातारी आहे. तिच्याजवळ ना रूप, ना वय, ना बळ. वाघाने अडवल्यावर ती त्याला सांगते की लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा. म्हणजे ती नकार देत नाही, वाघाच्या फायद्याचा सौदा मांडते. परतीच्या वाटेवर भोपळ्यात बसलेली ती "म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक" असे म्हणते, तेव्हा ती स्वतःचे अस्तित्वच बोलण्याने पुसून टाकते. दोन्ही वेळा हत्यार एकच आहे आणि ते जीभ आहे. "अरबी सुरस कथां"मधील शहराजाद राजाला रोज गोष्टीच्या ऐन रंगात आणून थांबवते, तिचे शस्त्रही हेच.

चिऊताईच्या गोष्टीकडेही या दृष्टीने पाहावे. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार वाजवतो आणि चिमणी प्रत्येक वेळी नवे काम सांगते: बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, तीट लावते. ही आदर्श गृहिणी आहे, असा अर्थ सहज काढला जातो. पण ती कामे ज्याला सांगितली जातात तो दाराबाहेर ताटकळत उभा आहे, आणि घर तिचे स्वतःचे, तिने बांधलेले, मेणाचे आहे. उघड "नाही" म्हणायची सोय नसलेल्या ठिकाणी घरकामाची सबब हाच नकार होतो, असा अर्थ इथे अधिक पटतो. संवादातील शब्द पाहताना तो कोणत्या परिस्थितीत उच्चारला जातो हेही पाहावे, ते यासाठी.

वडील कुठे आहेत?

सावत्र आईविषयी खूप लिहिले जाते, वडिलांविषयी फारसे लिहिले जात नाही. माझ्या मते कोणत्याही परीकथेतील स्त्रीपात्र समजून घेण्यासाठी हा एक प्रश्न सर्वाधिक उपयोगी आहे, म्हणून त्यावर थोडे थांबावे.

सिंड्रेलाचे वडील ग्रिम बंधूंच्या पाठात जिवंत आहेत, घरात आहेत आणि बूट घेऊन राजपुत्र दारात येतो तेव्हा आपल्याला आणखी एक मुलगी आहे हे ते नाइलाजाने सांगतात. पेरोच्या पाठातही वडील आहेत, फक्त ते बायकोच्या मुठीत आहेत असे सांगून त्यांना मोकळे सोडले आहे. सोन्याचे सूत काढणाऱ्या मुलीच्या कथेत संकटाची सुरुवात वडिलांच्या बढाईपासून होते. मुलगी गवताचे सोने करते, असे ते राजाला सांगतात, राजा ते न जमल्यास ठार मारण्याची धमकी देतो आणि पुढे त्याच राजाशी तिचे लग्न होते. या कथेचा खलनायक म्हणून सगळ्यांना तिला सोने कातून देणारा आणि बदल्यात तिचे मूल मागणारा बुटका आठवतो, पण तिच्याशी व्यवहार करणारा आणि दया येऊन तीन दिवसांची सवलत देणारा तेवढा तोच आहे. हात नसलेल्या मुलीच्या कथेत वडील स्वतःचा जीव वाचवण्यासाठी मुलीचे हात तोडतात. पुढे मनोऱ्यात कोंडल्या गेलेल्या रापुन्झेलला चेटकिणीच्या हवाली करण्याचा करारही वडिलांनीच केलेला असतो. "हान्सेल आणि ग्रेटेल"मध्ये मुलांना रानात सोडायला वडील दोन्ही वेळा सोबत जातात. शेवटी मुले परत येतात तेव्हा सावत्र आई मेलेली असते आणि वडिलांना मिठी मारली जाते.

आता सावत्र आईकडे यावे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलची आईही आरंभी सख्खीच होती आणि १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. संग्रह आरंभी अभ्यासकांसाठी होता. पुढे तो मुलांच्या हाती जाऊ लागला, १८२५ मध्ये निवडक पन्नास कथांची छोटी आवृत्ती निघाली, आणि मुलांच्या पुस्तकात आई दुष्ट असणे संपादकांना परवडेना. आईची प्रतिमा वाचवायची तर कथेतील क्रौर्य कोणाच्या तरी खात्यावर टाकणे भाग होते. ते वडिलांच्या खात्यावर टाकले गेले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्या काळात बाळंतपणात बायका मरत, पुरुष पुन्हा लग्न करत, आणि सवतीच्या मुलांमध्ये अन्न व मालमत्ता यांवरून खरोखरच तंटे होत, हेही खरे. त्यामुळे सावत्र आई हे पात्र केवळ संपादकांनी रचलेले नाही. दोन्ही कारणे एकत्र मांडावीत आणि आपण वाचत असलेल्या पाठात त्यांपैकी कोणते लागू पडते ते पुराव्याने दाखवावे.

वडिलांचा प्रश्न अभ्यासाच्या साधनांनाही विचारता येतो. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांची रचना उलगडताना ३१ कार्ये, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या कृती, आणि सात भूमिका सांगितल्या. त्या सातांपैकी एक भूमिका "राजकन्या आणि तिचे वडील" अशी आहे. दोन माणसे मिळून एक भूमिका, कारण नायकाच्या बाजूने पाहिले तर मुलगी मिळणे आणि ती देणारा बाप हा एकच व्यवहार ठरतो. ही मांडणी वापरायला हरकत नाही, फक्त ती कोणाच्या खांद्यावरून पाहते आहे हे लक्षात ठेवावे.

चेटकीण आणि रानातली म्हातारी

या पात्राला एकच प्रश्न विचारावा: ती कोणाला मदत करते आणि कोणत्या अटीवर? रशियन कथांमधील बाबा यागा कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहते आणि माणसे खाते, पण वासिलिसा नावाची मुलगी तिची कामे पूर्ण करते तेव्हा तीच तिला आग देते, आणि त्या आगीत घरी छळणाऱ्या तिघी जळून जातात. एकाच पात्रात खाणारी आणि देणारी दोघी असतात. ग्रिम बंधूंच्या संग्रहातील विहिरीखालची म्हातारीही कामसू मुलीवर सोने आणि आळशी मुलीवर डांबर ओतते. या कथाप्रकारात (क्रमांक ४८०) म्हातारीच्या हाती न्याय असतो, पण ती न्याय करते तो घरकामाच्या निकषावर, ही गोष्ट सुटू देऊ नये.

सांगणारी कोण, लिहिणारा कोण

ग्रिम बंधूंना कथा देणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. शिंप्याची बायको डोरोथेआ फीमान, हासेनफ्लुग घराण्यातील बहिणी, आणि पुढे १८२५ मध्ये विल्हेल्म ग्रिम यांच्याशी लग्न झालेली डोर्टखेन विल्ड ही त्यांतील ठळक नावे. लिहिणारे आणि प्रत्येक आवृत्तीत हात फिरवणारे मात्र पुरुष होते. हा हात कसा फिरला ते रापुन्झेलच्या एका वाक्यात दिसते. १८१२ च्या पाठात ती चेटकिणीला विचारते, की माझे कपडे मला इतके घट्ट का होऊ लागले आहेत? ती गरोदर आहे, तिला ते कळलेले नाही, चेटकिणीला कळते. हा मजकूर मुलांसाठी अयोग्य वाटल्यामुळे पुढच्या पाठात रापुन्झेल विचारते, की तुम्हाला वर ओढून घेताना राजपुत्रापेक्षा इतके जड का वाटते? मर्यादा सांभाळली गेली, पण मनोऱ्यात कोंडल्यामुळे अजाण राहिलेली मुलगी आता स्वतःचे गुपित स्वतःच फोडणारी बावळट ठरली. शेवटी तिला जुळी मुले झालेली असतात ती असतातच; ती कुठून आली, याचा धागा तेवढा तुटला.

या उदाहरणावरून "तोंडी कथा मोकळी, छापील कथा बंदिस्त" असा सिद्धांत काढण्याचा मोह होतो, तो आवरावा. रापुन्झेलच्याच कथेचा माग काढला तर तो कोण्या खेडुत आजीपर्यंत न जाता सतराव्या शतकाच्या अखेरीस शार्लोट-रोझ द ला फोर्स या फ्रेंच लेखिकेने लिहिलेल्या कथेपर्यंत जातो. त्या काळातील फ्रेंच परीकथांच्या लाटेत पेरोच्या बरोबरीने लिहिणाऱ्यांत स्त्रियाच अधिक होत्या. फ्रेंचमध्ये "परीकथा" हे नाव रूढ झाले ते मादाम दोल्न्वा हिच्या पुस्तकावरून, आणि "सौंदर्यवती आणि पशू" या कथेचे १७४० आणि १७५६ मधील दोन्ही प्रसिद्ध पाठ स्त्रियांनीच लिहिलेले आहेत. उलट बाजूने, हट्टी बायकोला नवऱ्याने वठणीवर आणल्याच्या कथा (क्रमांक ९०१) तोंडी परंपरेत जगभर रंगवून सांगितल्या गेल्या आहेत. माध्यमावरून निष्कर्ष न काढता पाठावरूनच काढावा.

लाल टोपीवाल्या मुलीची कथा या बाबतीत सर्वांत शिकवणारी आहे, आणि मुलांना सांगण्यासाठी पाठ निवडणाऱ्यांनी ती मुद्दाम तपासावी. पेरोच्या पाठात लांडगा मुलीला खातो आणि कथा तिथेच संपते. खाली पद्यात तरुण मुलींना उपदेश केलेला आहे. ग्रिम बंधूंच्या पाठात आई वाट न सोडण्याची ताकीद देते, मुलगी वाट सोडते आणि शेवटी शिकारी लांडग्याचे पोट कापून दोघींना बाहेर काढतो. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास तोंडी परंपरेतून नोंदवलेल्या पाठात शिकारी नाहीच. अंथरुणात शिरल्यावर मुलीला धोका कळतो, बाहेर जाऊन यायचे आहे असे ती सांगते, लांडगा तिच्या पायाला दोर बांधून सोडतो, आणि ती तो दोर अंगणातील झाडाला बांधून पळून घरी पोहोचते. नोंद उशिराची आहे, म्हणून हा पाठ पेरोच्या आधीचा की नंतरचा हे केवळ सनावळीवरून ठरत नाही. ग्रिम बंधूंच्या कथेला जोडलेला एक शेवटचा प्रसंगही बहुतेक बालपुस्तके गाळतात. दुसऱ्या वेळी भेटलेल्या लांडग्याला मुलगी भुलत नाही, थेट आजीकडे जाऊन दार लावते, आणि छपरावर दबा धरून बसलेला लांडगा आजीने भरायला लावलेल्या पाण्याच्या दगडी डोणीत पडून बुडतो. म्हणजे मुलीने स्वतः सुटावे असे वाटत असेल तर शेवट नव्याने रचण्याची गरज नाही, परंपरेतच तसे दोन शेवट उपलब्ध आहेत. मुलांसाठी पदरचा शेवट जोडण्याआधी नेहमी हा शोध घ्यावा, असे मी सुचवेन.

लग्न कथेत कुठे येते?

कवी आणि लोकसाहित्याचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी भारतीय लोककथांचा, विशेषतः कन्नड कथांचा अभ्यास करताना एक सोपी कसोटी दिली आहे. पुरुषकेंद्री कथांत लग्न हे शेवटचे बक्षीस असते. स्त्रीकेंद्री कथांत ते आरंभीच उरकते आणि खरी अडचण त्यानंतर सुरू होते. त्यांनी संग्रहित केलेल्या फुलझाड होणाऱ्या मुलीच्या कथेत गरीब आईला हातभार लावण्यासाठी मुलगी बहिणीकडून काळजीपूर्वक पाणी घालून घेते, झाड होते, फुले तोडून झाली की पुन्हा माणूस होते. लग्नानंतर नणंद आणि तिच्या मैत्रिणी हट्टाने तिला झाड करतात, फांद्या ओरबाडतात, उरलेले पाणी नीट घालत नाहीत आणि ती हातापायांविना अर्धवट देह होऊन पडते. या कथेतील शक्ती नायिकेची आहे, पण ती वापरताना कोणावर तरी पूर्ण विसंबावे लागते. त्या "कोणावर तरी"ची निवड लग्नाने तिच्या हातून काढून घेतली, हे कथेचे मर्म आहे.

अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मीरच्या सूर्यमती राणीसाठी रचलेल्या "कथासरित्सागरा"तील उपकोशाही विवाहित आहे आणि तिचा नवरा दूर आहे. तिच्या मागे लागलेल्या प्रतिष्ठितांना ती एकाच रात्री वेगवेगळ्या प्रहरी बोलावते, अंधारात सुगंधी तेल म्हणून काजळ फासते आणि एकेकाला पेटीत कोंडते. नवऱ्याने ठेवलेले पैसे नाकारणाऱ्या वाण्याकडून पेटीसमोर कबुली घेते आणि पुढे दरबारात "पेटीतील देवां"नाच साक्ष द्यायला लावते. तिची सारी हुशारी पातिव्रत्याच्या चौकटीत बसवलेली आहे, हे खरे. पण ती चौकट वापरून तिने स्वतःचे पैसे परत मिळवले, हेही तितकेच खरे, आणि दोन्ही विधाने एकाच परिच्छेदात यावीत.

निष्कर्ष लिहिताना

"सबला" आणि "अबला" हे दोन शिक्के वापरायचेच नाहीत, असे सुरुवातीलाच ठरवून टाकावे. हातात तलवार आली की स्त्री सबल झाली, असे मानण्याची हल्लीच्या पुनर्कथनांना सवय आहे. तेवढ्यासाठी रशियन संग्राहक आफानासेव यांच्या संग्रहातील मार्या मोरेव्हना हिची कथा वाचावी. ही राणी स्वतः सैन्य घेऊन लढते आणि कोश्चेई नावाच्या अमर राक्षसाला तिने साखळदंडांनी बांधून ठेवले आहे. युद्धावर जाताना ती नवऱ्याला, राजपुत्र इव्हानला, एक खोली न उघडण्याची ताकीद देते. तो ती उघडतो, राक्षसाला पाणी पाजतो, राक्षस सुटतो आणि मार्यालाच पळवून नेतो. नको ते दार उघडण्याचा दोष एरवी बायकांच्या माथी असतो, इथे तो पुरुषाच्या माथी आहे. मात्र त्यानंतर लढणारी राणी कथेतून जवळजवळ दिसेनाशी होते आणि सुटकेची वाट पाहणारी बायको तेवढी उरते, जरी राक्षसाच्या वेगवान घोड्याचे रहस्य त्याच्याकडून काढून घेणारी आणि अग्निनदी ओलांडण्यासाठी लागणारा रुमाल पळवून नवऱ्याला देणारी तीच असते.

अशा पात्राची नोंद एका विशेषणात मावत नाही. ती पुढीलप्रमाणे लिहावी. "आफानासेव यांच्या १८५५ ते १८६३ या काळात प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील पाठ. पूर्वार्धात मार्या मोरेव्हना युद्ध करते, राक्षसाला बांधते, आज्ञा देते. आज्ञा मोडणारा नवरा आहे आणि त्याची किंमत ती मोजते. उत्तरार्धात तिची हालचाल थांबते, पण सुटकेला लागणारी माहिती आणि साधन तीच मिळवते. राक्षसाला नवरा मारतो. तिच्या वडिलांचा उल्लेख नाही. लग्न कथेच्या आरंभी. दुसऱ्या पाठाशी तुलना अजून बाकी."